गोल्फचा फटका आणि लोहाराचा घण

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावात पऱ्हाटी उपटून वावर मोकळे झाले की नोकरीतून निवृत्त होऊन परतलेले माझे काका तेथे रोज सकाळी गोल्फचा सराव करतात. चेंडू धुऱ्यावरच्या बाभळीत गेला की ते पकड बदलतात, पुढच्या आठवड्यात पाय ठेवण्याची पद्धत बदलतात आणि तरीही निर्दोष फटका हाती लागत नाही म्हणून हळहळतात.

या फटक्याचे यंत्रशास्त्र ज्याने ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवली आहे त्याला चटकन उमगेल. गोफणीत हात पुढे धावतो आणि दोरी मागे रेंगाळून शेवटी झपाट्याने त्याला गाठते. गोल्फमध्ये हात हा एक लंबक, काठी हा दुसरा आणि मनगट ही दोहोंमधली बिजागरी असते. मनगट उशिरा उलगडले तर हातांचा वेग मंदावत असतानाच त्यांची ऊर्जा काठीच्या टोकाकडे जाते, आणि व्यावसायिक खेळाडूंच्या काठीचे टोक ताशी सुमारे 180 किलोमीटर वेगाने चेंडूवर आदळते. चेंडूचे वजन नियमानुसार 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही. काठीचे सुमारे 200 ग्रॅमचे टोक त्याला सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग स्पर्श करते आणि त्याला स्वतःच्या जवळजवळ दीडपट वेगाने पिटाळते. चेंडू सुटताना दिशा एका अंशाने चुकली, तर केवळ भूमितीच्या हिशेबाने 200 मीटरवर साडेतीन मीटरांचा फरक पडतो.

खरी अडचण वेळेची आहे. काठी वरून खाली येण्यास साधारण पाव सेकंद लागतो, तर डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करण्यासच एक-पंचमांश सेकंद जातो. म्हणजे कोपर चुकले हे कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो, आणि ‘कोपर अंगाशी ठेवा’ या उपदेशाचा त्या पाव सेकंदात काही उपयोग नसतो.

मग निष्णात माणूस दर वेळी एकच हालचाल तंतोतंत करत असेल का? 1920च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन या शास्त्रज्ञाने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचालींचे चित्रण केले. हातोड्याचे टोक जवळजवळ त्याच जागी पडत होते, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे कोन प्रत्येक घावात थोडे वेगळे होते. एका सांध्यातील चूक दुसरा सांधा भरून काढत होता. माझ्या मते गोल्फची अर्धीअधिक मार्गदर्शक पुस्तके या निरीक्षणाकडे पाठ फिरवून लिहिलेली आहेत. आमच्या गावचा लोहार वखराची पास तापवून तिच्यावर घण घालतो तेव्हा त्याची नजर लाल लोखंडावर असते, कोपर कोठे आहे हे त्याला सांगताही येणार नाही.

गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1999मध्ये नवशिक्या गोल्फ खेळाडूंवर केलेल्या प्रयोगातून हेच दिसले: ज्यांना काठीच्या झोक्याकडे लक्ष देण्यास सांगितले, त्यांचे फटके हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा अधिक अचूक पडले.

अर्थात शोध थांबत नाही, आणि तो केवळ नवशिक्यांचाच असतो असेही नाही. टायगर वुड्स यांनी 1997ची मास्टर्स स्पर्धा 12 फटक्यांच्या फरकाने जिंकली आणि त्यानंतर लगेच आपला फटका नव्याने घडवण्यास घेतला. पुढेही त्यांनी तो बदलला. काकांचे कारण अधिक साधे आहे. वयाबरोबर कंबर आणि खांदे पूर्वीइतके वळत नाहीत, त्यामुळे शरीराने पूर्वी शोधलेले उत्तर आता लागू पडत नाही. सध्या त्यांनी धुऱ्यावर एक काठी रोवली असून फटका मारण्यापूर्वी ते तिच्याकडेच पाहतात. पकड मात्र परवा पुन्हा बदलली.