'महल'मधला अंधार कुठून आला?

नदीकाठचा ओसाड महाल, नाव संगम भवन. नवा मालक हरिशंकर तिथे पहिल्यांदाच मुक्कामाला येतो. म्हातारा माळी त्याला सांगतो, की ज्याने हा महाल बांधला तो बुडून मेला आणि त्याची वाट पाहणारी कामिनीही पाठोपाठ गेली. भिंतीवरच्या तसबिरीत हरिशंकरला आपलाच चेहरा दिसतो, आणि मग कुठून तरी गाणं ऐकू येऊ लागतं. कमाल अमरोहींचा 'महल' १९४९ साली आला. हिंदी पडद्यावरच्या झपाटलेल्या हवेल्यांची वंशावळ मांडायची, तर मूळपुरुष म्हणून मी याच चित्रपटाचं नाव लिहीन. मात्र या महालाचं सामान फार लांबून आलेलं आहे.

१७६४ साली इंग्लंडमध्ये होरेस वॉल्पोलने 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी लिहिली. तिच्यातल्या एका तसबिरीतले आजोबा उसासा टाकून सरळ चौकटीतून खाली उतरतात. पुढे कादंबरीकार ॲन रॅडक्लिफने वेगळी रीत पाडली. वाचकाला भरपूर घाबरवायचं आणि शेवटी प्रत्येक भुताटकीमागचा माणसाचा हात दाखवायचा. सिनेमाला या दोन्ही वाटा आयत्या मिळाल्या.

सिनेमाने स्वतःची भर घातली ती सावलीची, आणि ती शिकवली जर्मन मूकपटांनी. पॉल लेनी हा मूळचा चित्रकार आणि नेपथ्यकार. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओने त्याला बोलावून घेतलं आणि १९२७ मध्ये त्याने 'द कॅट अँड द कॅनरी' केला. मध्यरात्री मृत्युपत्र वाचायला जमलेले वारस, लांबलचक ओसरी, वाऱ्याने फुगणारे पडदे. गोष्ट एका चालून गेलेल्या नाटकाची होती, पण पडद्यावर खरं काम त्या घरानेच केलं.

त्याच जर्मनीतली दुसरी वाट थेट आपल्या मालाडला आली. म्युनिकचा तरुण छायालेखक योझेफ विर्शिंग १९२५ मध्ये 'प्रेम संन्यास'च्या चित्रीकरणासाठी भारतात आला. १९३४ मध्ये हिमांशु राय आणि देविका राणी यांनी मालाडमध्ये बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था उभी केली, तेव्हा तिथला कॅमेरा त्याच्याच हाती होता. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिशांनी जर्मन म्हणून त्याला नजरकैदेत टाकलं. सुटल्यावर तो पुन्हा कॅमेऱ्यामागे उभा राहिला, आणि 'महल' त्यानेच टिपला. त्या चित्रपटातली झुंबरं, जिने, झोका आणि अर्ध्या उजेडातली सोळा वर्षांची मधुबाला पाहताना मला नेहमी वाटतं, की इतक्या वर्षांची साठवलेली सावली त्याने एकाच घरात ओतली आहे.

तरीही 'महल'चं भूत डोळ्यांआधी कानांना भेटतं. संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्या 'आएगा आनेवाला' या गाण्यामध्ये सुरुवातीच्या ओळी लांबून येतात आणि हळूहळू जवळ सरकतात. आवाज लहानमोठा करण्याची सोय तेव्हा फारशी नव्हती. लतादीदींनी नंतर सांगितलं, की मायक्रोफोन खोलीच्या मधोमध होता आणि त्या दुरून गात गात, पावलं टाकत त्याच्याकडे चालत गेल्या. तेव्हा त्या विशीच्या उंबरठ्यावर होत्या. रिकाम्या महालाची लांबीरुंदी प्रेक्षकाला जाणवते ती या चालण्यामुळे. गाणारी कुठल्या दालनात आहे, आता कुठे वळली, किती जवळ आली, हे आपण अंधारात कानाने मोजत राहतो. मला तरी याहून परिणामकारक भूतदर्शन आपल्या सिनेमात सापडलेलं नाही.

१९६३ मध्ये रॉबर्ट वाइजच्या 'द हाँटिंग'ने भूत दाखवण्यापेक्षा ऐकवावं, हाच विश्वास टोकापर्यंत नेला. शर्ली जॅक्सनच्या १९५९ च्या कादंबरीवर बेतलेल्या या कृष्णधवल चित्रपटात भूत एकदाही दिसत नाही. बंद दारावर धडका बसतात, मग ते जाड लाकूड श्वास घेतल्यासारखं आत फुगतं. बस्स, एवढंच. १९९९ च्या नव्या आवृत्तीने संगणकाच्या मदतीने सगळं उघड करून दाखवलं, आणि ती भीती पार विरून गेली.

'महल' मात्र शेवटी रॅडक्लिफच्या वाटेने जातो. कामिनी म्हणून वावरणारी ती माळ्याची मुलगी आशा निघते. हा खुलासा अनेकांना खटकतो, मला नाही. खुलाशानंतरही हरिशंकर त्या महालातून मनाने सुटत नाही, कारण त्याला हवी होती ती कामिनीच. 'महल'चं संकलन बिमल रॉय यांनी केलं होतं. नऊ वर्षांनी 'मधुमती'त त्यांनी पुन्हा पावसाळी रात्र, जुनी हवेली आणि ओळखीची वाटणारी तसबीर घेतली. या खेपेस भूत खरं ठेवलं.

'महल'ची ध्वनिमुद्रिका बाजारात आली, तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिच्यावर गायिकेच्या जागी पात्राचं नाव छापलं होतं: कामिनी. गाणं रेडिओवर लागू लागलं आणि ही गातंय कोण, असं विचारणारी पत्रं येऊन पडू लागली. अखेर रेडिओवरून नाव सांगावं लागलं, लता मंगेशकर.