ऑक्टोबरात पूर्वेकडं बघा, वारा ढगातनं खाली पडतो

अरबी समुद्रात एखादं चक्रीवादळ उठलं की कोल्हापुरातले हवामानवेडे मोबाईलला चिकटतात, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत विंडी या हवामानाच्या ॲपवरचे रंगीत भोवरे बघत बसायचं आणि सकाळी चहाच्या गाडीवर "येतंय बघ आता आपल्याकडं" सुरू. 2019 च्या दिवाळीत क्यार आलं तेव्हा तर कहरच होता. ऐन लक्ष्मीपूजनाच्या सुमाराला ते सुपर सायक्लोन झालं, वारा ताशी 240 किमीच्या घरात, अरबी समुद्रात 2007 च्या गोनूनंतर एवढं मोठं पहिलंच. पण ते रत्नागिरीपासनं दोनेकशे किमी आत समुद्रातनं ओमानच्या बाजूला निघून गेलं, आणि चक्रीवादळाचा खरा जीवघेणा वारा त्याच्या डोळ्याभोवती पन्नास-शंभर किमीतच असतो. तिथनं रत्नागिरी, मग सह्याद्री, मग आपण. आपल्याकडं काय येणार होतं, ढग आणि पाऊस.

(जाता जाता, एकाच वादळाचा वेग दोन साईटवर वेगळा दिसला म्हणून भांडत बसू नका. आपलं हवामान खातं तीन मिनिटांची सरासरी धरतं, अमेरिकेवाले एका मिनिटाची, म्हणून त्यांचा आकडा बहुतेक वेळा जास्तच दिसतो.)

आपल्या भागात परतीच्या पावसात पत्रे उडवणारा, फ्लेक्स फाडणारा आणि ऊस लोळवणारा जो वारा असतो त्याला बहुतेकदा नावबिव काही नसतं. दुपारी चार-साडेचारला सुटतो, वीस मिनिटं धुमाकूळ घालतो आणि गायब. हा वारा आडवा कुठनं वाहत येत नाही, तो ढगातनं खाली पडतो.

जुलैत असं का होत नाही? तेव्हा वारा पश्चिमेचा, समुद्रावरनं ओलाचिंब होऊन येणारा. गगनबावड्याला दिवसभर धो धो कोसळतो पण गडगडाट फारसा नाही, कारण ढग बुटके असतात आणि खालपासनं वरपर्यंत सगळी हवाच ओली. ऑक्टोबरात पश्चिमेचा जोर गेलेला असतो, आभाळ मोकळं, ऊन चटका देणारं, जमीन मात्र अजून ओली. ती ओल तापून वर जाते, ढग बारा-पंधरा किमी उंच फुगतो. आणि मधल्या थरात कोरडी हवा घुसलेली असते, सगळी गंमत इथंच आहे. वरनं पडणारे थेंब त्या कोरड्या हवेत येतात, त्यातले बरेच वाटेतच सुकतात, सुकताना हवेतली उष्णता ओढून घेतात, हवा गार होते, गार म्हणजे जड, आणि जड झालेली हवा पावसासकट धाडकन खाली येते. बादलीभर पाणी फरशीवर ओतलं की जसं चारी बाजूंना पसरतं तशी ती जमिनीवर आपटून पसरते. म्हणून पावसाच्या आधी वारा येतो. पाऊस अजून सात-आठ किमी लांब असतो आणि आपल्या गच्चीवरचे कपडे शेजारच्यांच्या गच्चीवर.

ऑक्टोबरात दिशाही उलटी होते. पावसाळ्यात आपण पन्हाळा-गगनबावड्याकडं बघून अंदाज बांधतो, ती सवय जात नाही, पण आता वरचा वारा पूर्वेचा असतो. ढग तयार होतो सांगली-शिरोळच्या बाजूला आणि सरकतो आपल्याकडं. टेंबलाई टेकडीवरनं हातकणंगल्याच्या दिशेला दुपारी तीनच्या सुमाराला पांढराशुभ्र फुलकोबीसारखा ढग दिसला की लक्ष ठेवायचं. त्याचा माथा पसरून सपाट झाला म्हणजे तो वाढून टोकाला पोचला. आधी वारा त्या ढगाकडंच वाहतो, म्हणजे आपल्याला पश्चिमेचा जाणवतो. मग एकदम थांबतो, पान हलत नाही, घाम फुटतो. मग पूर्वेकडनं गार झोत येतो आणि पाच-दहा मिनिटांत तापमान सात-आठ अंशांनी सहज उतरतं. वारा असा थांबला की दहा मिनिटांत गाडी झाडाखालनं काढायची, एवढं पाळलं तरी खूप.

फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर (बऱ्याच फोनमध्ये असतो, कुणाला माहीत नसतं) तो उघडून बसा. गार झोत पोचला की हवेचा दाब एकदम एक-दोन हेक्टोपास्कल वर उडी मारतो, कारण डोक्यावर आता जड हवा आलेली असते. वादळ म्हणजे दाब कमी असं शाळेत शिकलेलं असतं, त्यामुळं हे बघून लोक चक्रावतात. आणखी एक, आपल्याकडं फोन साधारण 950 च्या आसपास आकडा दाखवतो. समुद्रावर एवढा दाब म्हणजे भयंकर चक्रीवादळ, इथं म्हणजे रोजचंच. आपण समुद्रसपाटीपासनं साडेपाचशे मीटरवर राहतो म्हणून तो कमी दिसतो, काही होत नाही.

रडार बघत असाल तर गोव्याच्या डॉपलर रडारचं चित्र कामाचं, पण त्याची मर्यादा कळायला पाहिजे. गोवा आपल्यापासनं सरळ रेषेत दीडशे किमीच्या आत. रडारचा किरण थोडा वर रोखलेला, त्यात पृथ्वी गोल, त्यामुळं इथं पोचेपर्यंत तो आपल्या डोक्यावरनं दोनेक किमी उंचीवरनं जातो. ढगातला पाऊस दिसतो, जमिनीलगत पसरणारा गार झोत त्याच्या खालनं निसटतो. ॲपच्या अंदाजाचंही तसंच. अख्ख्या जगाचा अंदाज काढणारं चांगल्यातलं चांगलं संगणकी मॉडेलसुद्धा सहा-नऊ-बारा किमीच्या चौकटीत विचार करतं आणि हा ढगच मुळात काही किमीचा, मग राजारामपुरीत पडणार की उचगावात हे सकाळी कोण सांगणार? म्हणून हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा नाऊकास्ट बघावा आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप ठेवावं. तेही नसेल तर वीज दिसल्यापासनं गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीननं भागा, तेवढे किमी ती लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर गच्चीवरनं खाली या, व्हिडिओ राहू दे.

ऊसवाल्यांना हे जास्त कळतं. वाऱ्याचा मार वेगाच्या वर्गानं वाढतो, ताशी 30 चा 60 झाला की दुप्पट नाही, चौपट. आडसाली, म्हणजे गेल्या पावसाळ्यात लावलेला, ऊस ऑक्टोबरात पंधरा महिन्यांचा, डोक्याच्या वर दीड-दोन पुरुष, पाला भिजून जड, खाली रान ओलं. आडवा व्हायला एक झोत पुरतो. मग पडलेल्या उसाला डोळे फुटतात, उंदीर लागतात, साखरेचा उतारा घटतो, आणि तोडायला टोळी कुरकुरते ते वेगळंच.

बंगालच्या उपसागराचं मात्र विसरू नका, आपल्याला खरा धोका कधीकधी तिकडनं असतो. 2020 च्या ऑक्टोबरात 13 तारखेला काकीनाड्याजवळ जमिनीवर आलेलं डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या खालच्या पायरीचं कमी दाबाचं वादळ, हैदराबादला बुडवून सोलापूर-पंढरपूरच्या बाजूनं थेट अरबी समुद्रात उतरलं. अशा वेळी तीनचा ढग, चारचा वारा हे वेळापत्रक चालत नाही, पाऊस रात्रीसुद्धा पडतो आणि तासन् तास पडतो. तेवढ्यापुरतं विंडीवर रात्री दोनला जागायला हरकत नाही, फक्त नकाशा उजवीकडं सरकवा.