गाळ हिमालयाचा, तळ कोणाचा?

पावसाळ्यात गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांचे पाणी मातकट होते, ते मुख्यतः हिमालयाच्या झिजेमुळे. या दोन नद्या मिळून दरवर्षी साधारण शंभर कोटी टन गाळ समुद्राकडे वाहून आणतात. त्यातला काही त्रिभुज प्रदेशात पसरतो, काही किनाऱ्याजवळच्या उथळ तळावर बसतो आणि काही बांगलादेशासमोर समुद्रतळात खोदल्या गेलेल्या ‘स्वॉच ऑफ नो ग्राउंड’ या अजस्र घळईच्या वाटेने खोल समुद्रात घसरत जातो. कोट्यवधी वर्षे चाललेल्या या क्रियेतून बंगालच्या उपसागराच्या तळाशी पंख्याच्या आकाराचा जो निक्षेप तयार झाला आहे, तो जगातला सर्वांत मोठा मानला जातो. त्याची लांबी सुमारे ३,००० किलोमीटर असून श्रीलंकेला वळसा घालून तो विषुववृत्ताच्याही दक्षिणेला पोहोचतो. उत्तरेकडे काही ठिकाणी या गाळाच्या थरांची जाडी सोळा किलोमीटरांहून अधिक आहे, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट. २०१५ मध्ये ‘जॉईडेस रिझोल्यूशन’ या जहाजाने या पंख्यात सात ठिकाणी छिद्रे पाडून नमुने वर काढले, तेव्हा भूशास्त्रज्ञांच्या हाती हिमालयाच्या झिजेची एक दीर्घ नोंदवहीच आली.

हीच नोंदवही राजनैतिक अधिकारी आणि कायदेतज्ज्ञ वेगळ्या कारणासाठी वाचतात. समुद्रातल्या गाळाची जाडी किती, यावर एखाद्या देशाचा समुद्रतळावरचा हक्क कुठपर्यंत जातो हे ठरू शकते.

शाळेच्या भूगोलात आपण समुद्रबूड जमीन किंवा भूखंड मंच शिकतो: किनाऱ्यापासून मंद उताराने खोल होत जाणारा, फार तर दोनशे मीटर खोलीचा पट्टा, त्यानंतर तीव्र खंडान्त उतार आणि मग सागरी मैदान. कायद्यातला भूखंड मंच याहून बराच मोठा आहे. २८ सप्टेंबर १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड जमिनीतील साधनसंपत्तीवर अमेरिकेचा अधिकार असल्याची घोषणा केली आणि पाठोपाठ अनेक देशांनी तसेच दावे केले. या दाव्यांना एक चौकट मिळायला पुढची अनेक वर्षे लागली. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातील ७६ व्या कलमाने प्रत्येक किनारी देशाला २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, तळावरचा हक्क विनाशर्त दिला आणि त्यापलीकडचा हक्क भूशास्त्रीय पुराव्यावर सोपवला.

हा पुरावा मोजण्याची रीत साधी आहे. प्रथम खंडान्त उताराचा पायथा शोधायचा. तिथून पुढे जिथवर गाळाची जाडी ही त्या बिंदूच्या पायथ्यापासूनच्या अंतराच्या किमान एक टक्का आहे, तिथवर देशाचा मंच धरायचा. पायथ्यापासून शंभर किलोमीटरवर एक किलोमीटर जाडीचा गाळ हवा, तीनशे किलोमीटरवर तीन किलोमीटरचा. गाळ पातळ असेल, तर पायथ्यापासून ६० सागरी मैलांपर्यंतची रेषा हा दुसरा पर्याय आहे. या दोन्हींवर कमाल अंतराची मर्यादाही घातलेली आहे.

मात्र बंगालच्या उपसागराच्या दक्षिण भागात हे गणित अन्यायकारक ठरत होते. श्रीलंकेचा भूखंड मंच अरुंद आहे, त्यामुळे उताराचा पायथा किनाऱ्याच्या अगदी जवळ येतो. समोर गाळाचा प्रचंड पसारा असूनही एक टक्क्याच्या सूत्राने त्यातला निम्म्याहून अधिक भाग हातचा जात होता. श्रीलंकेने हा प्रश्न वाटाघाटींत चिकाटीने लावून धरला. हा करार घडवणाऱ्या परिषदेचे अध्यक्षपद श्रीलंकेचेच हॅमिल्टन शर्ली अमरसिंघे यांनी १९८० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सांभाळले होते. अखेरीस परिषदेच्या अंतिम दस्तऐवजाला एक सामंजस्य निवेदन जोडण्यात आले आणि या भागातील देशांना गाळाची जाडी एक किलोमीटर भरेल तिथपर्यंत हक्क सांगण्याची मुभा मिळाली, मग ते अंतर कितीही असो. जगाच्या एका उपसागरासाठी, तिथल्या मातीचा विचार करून, संपूर्ण जगाने आपल्या नियमाला अपवाद केला. सागरी कायद्याच्या इतिहासातली ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, याची मला खंत वाटते.

करार झाला तरी दावा सिद्ध करण्यासाठी मोजमाप हवेच. ज्या देशांनी १३ मे १९९९ पूर्वी कराराला मान्यता दिली होती, त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेतील २१ तज्ज्ञांच्या आयोगापुढे आपले पुरावे १३ मे २००९ पर्यंत मांडायचे होते. भारताच्या सर्वेक्षणाची जबाबदारी गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय अंटार्क्टिक आणि महासागर संशोधन केंद्राकडे होती. ही संस्था आता राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र म्हणून ओळखली जाते. जहाजामागे संवेदकांची लांब मालिका ओढत न्यायची, पाण्यात ध्वनिलहरी सोडायच्या आणि तळाखालच्या निरनिराळ्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी टिपून गाळाची जाडी काढायची, असे हे काम. भारताने आपला दावा ११ मे २००९ रोजी, मुदतीला दोन दिवस असताना दाखल केला. म्यानमारने आदल्या डिसेंबरात आणि श्रीलंकेने ८ मे रोजी दावा सादर केला होता. बांगलादेशाने कराराला २००१ मध्ये मान्यता दिल्यामुळे त्याची मुदत वेगळी होती. त्याचा दावा २०११ मध्ये आला.

आता एकाच गाळावर अनेकांचे दावे होते, आणि इथे एक विचित्र कोंडी झाली. ज्या क्षेत्राविषयी दोन देशांत वाद आहे, त्याचा दावा संबंधित सर्वांच्या संमतीशिवाय आयोग विचारात घेत नाही. बांगलादेशाने म्यानमार आणि भारत या दोघांच्या दाव्यांवर हरकत घेतली होती. दुसरीकडे, बाहेरची कड आयोगाने ठरवल्याशिवाय न्यायालयाने त्या क्षेत्राची वाटणी करू नये, असा म्यानमारचा युक्तिवाद होता. आयोगाने वाद मिटण्याची वाट पाहायची आणि न्यायालयाने आयोगाची, असे झाले असते तर प्रश्न पिढ्यानपिढ्या लोंबकळत राहिला असता.

बांगलादेशाला थांबणे परवडणारे नव्हते. त्याचा किनारा आत वळलेला आहे. अशा किनाऱ्याच्या दोन्ही टोकांकडून, दोन्ही शेजाऱ्यांपासून समान अंतरावर राहणाऱ्या रेषा समुद्रात काढल्या, तर त्या पुढे जाऊन एकमेकींना भेटतात आणि मधल्या देशाचा समुद्र त्रिकोणात कोंडला जातो. तो २०० मैलांपर्यंतही पोहोचत नाही. २००८ च्या अखेरीस म्यानमारच्या वतीने वादग्रस्त पाण्यात वायूचा शोध सुरू झाला, तेव्हा बांगलादेशाने युद्धनौका पाठवल्या आणि काही दिवस दोन्ही नौदले समोरासमोर उभी होती. त्यानंतर वर्षभराने, ८ ऑक्टोबर २००९ रोजी, बांगलादेशाने म्यानमार आणि भारत या दोघांविरुद्ध एकाच दिवशी लवादाची प्रक्रिया सुरू केली. युद्धनौका मागे घेऊन नकाशे पुढे करण्याचा हा निर्णय मला या साऱ्या कथेतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

म्यानमारविरुद्धचे प्रकरण पुढे हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाकडे गेले. तिथे बांगलादेशाने दोन युक्तिवाद केले आणि दोघांचेही मूळ १९६९ च्या एका निकालात होते. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने उत्तर समुद्राच्या वादात डेन्मार्क आणि नेदरलँड्स यांच्या मध्ये कोंडल्या गेलेल्या पश्चिम जर्मनीला न्याय देताना म्हटले होते की, भूखंड मंच म्हणजे जमिनीचाच समुद्राखालचा नैसर्गिक विस्तार, आणि आत वळलेल्या किनाऱ्यावर समदूर रेषा आंधळेपणाने लादणे अन्यायाचे आहे.

पहिला युक्तिवाद भूशास्त्राचा होता. उपसागराचा तळ भारतीय भूपट्टावर आहे, तर म्यानमारचा किनारा बर्मा भूपट्टावर; या दोहोंच्या मध्ये, जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो, ती सीमा आहे. शिवाय तळावरचा गाळ आला आहे तो बांगलादेशातून वाहणाऱ्या नद्यांतून. तेव्हा हा तळ म्यानमारच्या भूमीचा नैसर्गिक विस्तार असूच शकत नाही, असे बांगलादेशाचे म्हणणे होते. भूशास्त्र म्हणून यात खोट नव्हती. तरीही १४ मार्च २०१२ च्या निकालात न्यायाधिकरणाने ते स्वीकारले नाही. गाळ कुठून आला किंवा त्याखाली कोणता भूपट्ट आहे हा प्रश्नच नसून, ७६ व्या कलमाप्रमाणे मोजल्यावर कड कुठे येते एवढाच प्रश्न आहे, असे त्याने सांगितले. मला ही भूमिका पटते. मातीच्या मूळस्थानावर मालकी ठरवायची म्हटली, तर बांगलादेशाच्या आधी नेपाळ, भूतान आणि तिबेट यांचा विचार करावा लागेल.

पण गाळ वाया गेला नाही. उपसागराचा जवळजवळ सगळा तळ जाड गाळाने व्यापलेला आहे याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते, म्हणून दोन्ही देशांचा २०० मैलांपलीकडे हक्क आहे एवढे सांगायला आयोगाची वाट पाहण्याची गरज न्यायाधिकरणाला वाटली नाही. बाहेरची कड आखणे हे आयोगाचे काम आणि दोन शेजाऱ्यांमधली वाटणी हे न्यायालयाचे, असा भेद करून त्याने कोंडी फोडली. २०० मैलांपलीकडच्या समुद्रतळाची न्यायालयीन वाटणी जगात प्रथमच झाली.

दुसरा युक्तिवाद किनाऱ्याच्या वळणाचा होता आणि तो मान्य झाला. समदूर रेषा एका ठिकाणापासून बांगलादेशाच्या सोयीने वळवण्यात आली. वाटणीत बांगलादेशाला सुमारे १,११,६३१ आणि म्यानमारला १,७१,८३२ चौरस किलोमीटर क्षेत्र आले. हे प्रमाण १ : १.५४ आहे, दोन्ही किनाऱ्यांच्या लांबीचे प्रमाण १ : १.४२ होते.

भारताविरुद्धच्या प्रकरणात पाच सदस्यांच्या लवादाने ऑक्टोबर २०१३ मध्ये सुंदरबनाच्या खाड्यांची प्रत्यक्ष पाहणी केली आणि ७ जुलै २०१४ रोजी हेगहून निवाडा दिला. भारत ज्याला न्यू मूर आणि बांगलादेश दक्षिण तालपट्टी म्हणत असे, ते १९७० च्या चक्रीवादळानंतर वर आलेले आणि २०१० च्या सुमारास दिसेनासे झालेले बेट मोजणीचा आधार मानायला लवादाने नकार दिला. इथेही रेषा वळवण्यात आली. बांगलादेश सरकारच्या आकड्यांनुसार वादातील २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला मिळाले. या निवाड्यावर अपील नव्हते आणि भारताने तो स्वीकारला. शेजारी लहान असताना आणि निकाल आपल्या मनासारखा नसताना तो मान्य करणे ही भारतीय परराष्ट्रनीतीची मोठी कमाई आहे, असे मी मानतो.

मात्र रेषा वळवण्याचा एक परिणाम उरला. समुद्रात एक चिंचोळा तुकडा असा आहे की तो भारताच्या किनाऱ्यापासून २०० मैलांच्या आत पडतो, बांगलादेशापासून २०० मैलांच्या बाहेर आहे, आणि तरीही रेषेच्या बांगलादेशाकडच्या बाजूला येतो. म्यानमारच्या बाजूलाही असा तुकडा आहे. कायद्याच्या भाषेत याला करडे क्षेत्र म्हणतात. भारताच्या बाजूच्या तुकड्यात तळ आणि तळाखालचा वायू बांगलादेशाचा, तर वरचे पाणी आणि त्यातले मासे भारताचे. तेल काढायचे तर विहिरीचे यंत्र पाण्यातूनच खाली न्यावे लागते, आणि मासेमारीची जाळी तळाला टेकतात. लवादातील भारतीय सदस्य पी. श्रीनिवास राव यांनी या भागाबाबत आपले वेगळे मत नोंदवले. पुढे १३ जुलै २०२३ रोजी निकाराग्वा आणि कोलंबिया यांच्या वादात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले की, रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार एका देशाचा २०० मैलांपलीकडचा मंच दुसऱ्या देशाच्या २०० मैलांच्या आत शिरू शकत नाही. बंगालच्या उपसागरातील क्षेत्र मात्र शेजारी किनाऱ्यांमधली रेषा वळवल्याने आनुषंगिकपणे तयार झाले, असे सांगून त्याने ते प्रकरण वेगळे ठेवले.

करड्या क्षेत्रात दोन्ही देशांनी एकमेकांच्या हक्कांची बूज राखून कशी व्यवस्था लावायची, हे लवादाने त्यांच्यावरच सोपवले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये बांगलादेशाने आयोगापुढे सुधारित दावा ठेवला, तेव्हा भारताने एप्रिल २०२१ मध्ये त्यावर हरकत नोंदवली. बांगलादेशाने ज्या आधाररेषेवरून मोजणी केली, तिच्याविषयी त्यातला एक आक्षेप होता. म्हणजे दोन देशांमधली रेषा आखून झाली, तरी बाहेरच्या कडेचा प्रश्न पुन्हा हरकतीत अडकला.