पाव ग्रॅमचं नाणं, पंधरा मिलिग्रॅम पाणी

सॅक्रमेंटोला राहणारा माझा आतेभाऊ गेल्या खेपेला येताना एक चिमुकलं नाणं घेऊन आला. शर्टाच्या बटणाएवढं, गोल, पिवळंधमक. एका बाजूला अस्वल, '½' आणि 'कॅलिफोर्निया गोल्ड'. दुसऱ्या बाजूला मिनर्व्हा देवी, '१८५२' हे साल आणि 'युरेका'. "आपल्या सोनाराकडे कसोटीवर घासून आणतो," म्हणाला. मी म्हटलं, थांब. खरं निघालं तर घासल्यानेच त्याची किंमत पडेल.

खरी नाणी होती, ती कशासाठी निघाली हे आधी पाहू. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा इथे जेम्स मार्शलला सटरच्या लाकूड गिरणीच्या पाटात सोनं दिसलं आणि जग तिकडे धावलं. सोनं ढीगभर, पण सुटे पैसे कुठेच नाहीत. चिमूटभर सोन्याची भुकटी म्हणजे एक डॉलर, असा हिशेब चाले. चिमूट अर्थातच दुकानदाराची, आणि त्याचा अंगठा जितका जाड तितका त्याचा नफा. सॅन फ्रान्सिस्कोची सरकारी टांकसाळ १८५४ साली उघडली. त्याआधीच, १८५२ पासून, तिथल्या जवाहिऱ्यांनी पाव, अर्ध्या आणि एक डॉलरची सोन्याची नाणी पाडायला सुरुवात केली होती. त्यांत फ्रेंच बरेच. देरीबेर्प, नुइझिले, फ्रोंतिए ही त्यांतली काही नावं. काही नाण्यांवर 'डेरी', 'एन' अशी त्यांची आद्याक्षरंही सापडतात.

ही कारागिरी धर्मादाय नव्हती. तेव्हा सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलर, म्हणजे एका डॉलरला दीड ग्रॅम शुद्ध सोनं. पाव डॉलरच्या नाण्यात ०.३७ ग्रॅम तरी हवं. पण ही नाणी साधारण पाव ग्रॅमच्या आसपास भरतात, आपल्या मापात दोन गुंजा, आणि त्यातही सगळं शुद्ध नाही. सोन्याचा कस ८५ टक्के धरला तर आत सोनं फक्त चौदा सेंटचं. तरी लोक घेत, कारण दुसरं काही हातात नव्हतं.

आता परीक्षा. 'युरेका' हे कॅलिफोर्नियाचं बोधवाक्य, आणि मूळचा उद्गार आर्किमिडीजचा. मुकुटातली भेसळ पाण्यात बुडवून ओळखल्याची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. मुकुट मोठा होता म्हणून त्याचं भागलं. पाव ग्रॅमचं नाणं घ्या. सोनं ८५ टक्के आणि उरलेली चांदी असेल तर घनता पाण्याच्या १७ पटीच्या जवळपास. म्हणजे ते जेमतेम १५ मिलिग्रॅम पाणी बाजूला सारणार, आणि पाण्यात तोललं की वजन तेवढंच घटणार. बाजारात मिळणारा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा इथे एक तर १० म्हणेल, नाही तर २०. पहिल्या आकड्याने घनता २५ येते, दुसऱ्याने साडेबारा. दोन्ही निरुपयोगी.

मिलिग्रॅमचा काटा आणला तरी पाणी खोडी काढतंच. नाणं ज्या केसाएवढ्या धाग्याला टांगायचं, त्याला पृष्ठताणामुळे पाणी दोनेक मिलिग्रॅम वजनाइतक्या जोराने खाली ओढतं. ते हिशेबात धरलं नाही, तर १५ च्या जागी १२-१३ वाचले जातात आणि नाणं शुद्ध सोन्याहूनही जड ठरतं! पाण्यात साबणाचा थेंब टाकला की ही ओढ पुष्कळ कमी होते, नाण्याला चिकटलेले बुडबुडेही सुटतात.

आतेभावाच्या नाण्याला मात्र पाणी लागलंच नाही. व्यास १० मिलिमीटर, जाडी ०.४, वजन ०.२६ ग्रॅम. गुणाकार-भागाकार केला, घनता सव्वाआठ. पितळ, वर मुलामा. तेवढ्याच आकाराचं सोन्याचं असतं तर काटा अर्ध्या ग्रॅमच्या पुढे गेला असता. उलट पाव ग्रॅमचं अस्सल नाणं त्याच व्यासाला ०.२ मिलिमीटरहूनही पातळ असतं; बोटांत धरलं की वाकेल अशी भीती वाटते. जाड वाटलं की आधी शंका घ्यावी, हा माझा अनुभव.

खरं तर वजनही करायची गरज नव्हती. अस्सल नाण्यावर सहसा 'सेंट', 'डॉल' किंवा 'डॉलर' हा शब्द असतो. अस्वल आहे, अपूर्णांक आहे आणि 'डॉलर' नाही, तर ती प्रवाशांसाठी पाडलेली आठवणीची वस्तू. असल्या नकलांवर 'कॉपी' छापण्याची सक्ती अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने आली. त्याआधीच्या ढिगावर तसं काहीच नाही.

प्रयोगशाळेत क्ष-किरण मारून धातू ओळखतात. नाण्याला ओरखडाही पडत नाही, म्हणून ही पद्धत सोयीची. पण सोन्यात हे किरण फक्त काही मायक्रोमीटर खोलीपर्यंतचीच खबर आणतात. जाड मुलामा असेल तर यंत्र फसतं. धातूची ओळख पटली तर मात्र ते बरंच बोलकं असतं. कॅलिफोर्नियाच्या नद्यांतल्या सोन्यात निसर्गतःच चांदी असते. सरकारी पारखी ऑगस्टस हम्बर्ट याने १८५१ मध्ये पाडलेल्या पन्नास डॉलरच्या अष्टकोनी नाण्यांवर हजारात ८८०, ८८७ असा कसच कोरलेला आहे. एखाद्या 'जुन्या' पाव डॉलरमध्ये ९९.९ टक्के सोनं निघालं, तर आनंदाऐवजी संशय यावा. आणखी एक जागा तपासतात ती कडेची. पुष्कळ नाणी दागिन्यांत गेली. कडी काढून टाकली तरी तिथे डाख उरतो आणि त्याचा कस वेगळा दिसतो.

पण सोनं आहे म्हणजे नाणं जुनं आहे, असं होत नाही. आज कोणीही खऱ्या सोन्यात नक्कल पाडू शकतो. इथे भौतिकशास्त्र हात टेकतं आणि भिंग कामाला येतं. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे एखादा तारा सरकलेला, एखादा आकडा तिरका. ती चूक त्या ठशाची सही. वापरता वापरता ठशाला तडा जातो, वाढतो, आणि नाण्यावर बारीक उंच रेघ उमटते. रेघ लांब तितकं नाणं नंतरचं. अशा खुणांवरून ब्रीन आणि गिलिओ या नाणे-अभ्यासकांनी जाती लावल्या. संग्राहक अजून त्यांच्या आद्याक्षरांच्या 'बीजी' क्रमांकानेच बोलतात.

ठशांनीच एक लबाडीही उघड केली. १८६४ च्या कायद्याने खासगी नाणी पाडणं गुन्हा ठरलं. जवाहिरे थांबले नाहीत. १८८२ च्या सुमारास खोट्या चलनाचा तपास करणाऱ्या सरकारी सीक्रेट सर्व्हिसने दडपण आणेपर्यंत काम चालूच होतं. फक्त काहींनी साल मागचं घातलं. त्यामुळे '१८५३' लिहिलेलं एखादं नाणं १८७० च्या दशकातल्या ठशाशी जुळतं. सोनं खरं, जवाहिरा खरा, तारीख तेवढी खोटी. आणि संग्राहक तेही नाणं 'अस्सल' म्हणून पैसे मोजून घेतात.

आतेभावाने आपलं अस्वल परत घेऊन पाकिटात टाकलं. म्हणाला, "सोनाराला तरीही दाखवतो."