'सार्वजनिक' वाचनालय म्हणजे नक्की कुणाचं? व्याख्यानमाला, गावाचा इतिहास आणि १९६७ चा कायदा

छोट्या गावातलं वाचनालय व्याख्यानमाला भरवतं, मुलांची वक्तृत्व स्पर्धा घेतं, गावातल्या जुन्या स्मरणिका आणि फोटो कपाटात ठेवतं, आणि या कशालाच त्याच्याकडे धड पैसे नसतात. असं का झालं हे कळायला १९६७ सालच्या महाराष्ट्राच्या ग्रंथालय कायद्यापर्यंत मागे जावं लागतं. त्याआधीचं थोडक्यात सांगतो.

रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४०, पुण्याचं १८४८, कोल्हापूरचं १८५०. काही ठिकाणी गोऱ्या अधिकाऱ्यांचा पुढाकार होता, मग 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' अशी नावं आली, मग गावातले वकील, मास्तर, कारकून वर्गणी काढून ती चालवायला लागले. ठाण्यात १८९३ ला आणि मुंबईत १८९८ ला मराठी ग्रंथ जमवायचे म्हणून मुद्दाम संस्था निघाल्या. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ ची, ती काही वाचनालयाची नव्हे, पण नंतर गावोगावच्या वाचनालयांनी जे केलं ते तसंच होतं, म्हणजे ओळीने काही दिवस, रोज संध्याकाळी एक वक्ता, बसायला सतरंजी आणि ऐकायला कुणीही यावं.

आता 'सार्वजनिक' या शब्दाकडे येतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आपल्याकडचा हा शब्द सार्वजनिक गणेशोत्सवातला आहे, सार्वजनिक बांधकाम खात्यातला नाही. म्हणजे चार लोक जमले, वर्गणी काढली, सगळ्यांसाठी दार उघडं ठेवलं, झालं सार्वजनिक. सरकारने चालवलेलं असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. पण परदेशातली 'पब्लिक लायब्ररी' म्हटलं की करातून चालणारी, पुस्तक घरी न्यायला पैसे न घेणारी जागा डोळ्यासमोर येते, आणि आपण भाषांतर करताना दोन्हीला एकच शब्द लावून टाकला. त्यात पाटीवर 'शासनमान्य' असतं, म्हणून लोकांना वाटतं ग्रंथपाल सरकारी नोकर आहे. शासनमान्य म्हणजे फक्त मान्यता आणि अनुदान, बाकी संस्था ट्रस्टची, कार्यकारिणी सभासदांनी निवडलेली, आणि तिथल्या माणसाला महिन्याला हातात जे पडतं त्याला पगार म्हणायला जीभ रेटत नाही. 'मोफत वाचनालय' ही तिसरी पाटी, तिचा अर्थ पेपर बसून फुकट वाचा, पुस्तक घरी न्यायचं तर अनामत आणि वर्गणी भरा. हे तिन्ही शब्द एकाच दारावर लागलेले असतात आणि नवीन माणूस आत येऊन पहिला प्रश्न विचारतो तो पैसे कशाचे घेता हाच.

दुसरा रस्ता आपल्याला माहीत नव्हता असं नाही. बडोद्याच्या महाराजांनी १९१० पासून संस्थानात मोफत ग्रंथालयांचं जाळं विणलं होतं, पेट्यांमध्ये पुस्तकं भरून खेड्यांत पाठवत. मुंबई सरकारने १९३९ ला एक समिती नेमली, तिचा अहवाल १९४० ला आला, मग युद्धामुळे राहिला आणि १९४६-४७ च्या सुमारास त्यातलं थोडंफार अंमलात आलं, तेही असं की जिल्ह्यात आणि तालुक्यात आधीपासून चालू असलेल्या वाचनालयांनाच मान्यता देऊन अनुदान द्यायचं. कोल्हापूर संस्थानाने १९४५ ला स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता. मद्रासने १९४८ ला केला आणि त्यात घरपट्टीवर ग्रंथालय कर ठेवला. हैदराबादचा १९५५ चा, तेव्हा मराठवाडा तिकडे होता. म्हणजे १९६० ला राज्य झालं तेव्हा आपल्याच राज्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत वेगवेगळी पद्धत होती.

१९६७ चा कायदा आला (१ मे १९६८ पासून लागू) आणि त्यात ग्रंथालय कर ठेवला नाही. कराऐवजी राज्याने दरवर्षी निदान २५ लाख रुपये ग्रंथालय निधीत घालायचे असं ठरलं, आणि कोल्हापूरचा आणि हैदराबादचा कायदा बाजूला पडला. मला हा निर्णय या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा वाटतो आणि त्यावर जितकं बोललं जायला हवं होतं तितकं बोललं गेलेलं नाही. कर नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता, लोकांवर आधीच घरपट्टी, पाणीपट्टी, शिक्षण कर, त्यात अजून एक कशाला, आणि शंभर वर्षं लोकांनी उभी केलेली वाचनालयं नगरपालिकेच्या किंवा सरकारच्या हातात गेली तर त्यातला जीव जाईल ही भीतीही होती. ही भीती मला पटते. सरकारी वाचनालयात कुणी स्वतःच्या खिशातून वक्त्याचं एसटीचं भाडं दिलं नसतं.

पण कर असता तर पैसा कायद्याने बांधलेला राहिला असता, गावात घरं वाढली की वाचनालयाचे पैसेही वाढले असते. अनुदान दरवर्षी मागावं लागतं, ते उशिरा येतं, हप्त्याने येतं आणि किती वर्षं त्याच आकड्यावर अडकून राहील याचा भरवसा नसतो. १९७० च्या नियमांनी अ, ब, क, ड असे वर्ग पाडले, पुस्तकं किती, सभासद किती, वेळ किती यावरून, आणि वर्गाप्रमाणे अनुदान. त्या दिवसापासून छोट्या वाचनालयाचं सगळं लक्ष आकड्यांकडे गेलं, ड मधून क मध्ये कसं जायचं, त्यासाठी अजून किती पुस्तकं दाखल करायची. मग २०१२ ला राज्यभर पडताळणी झाली, महसूल खात्याची माणसं येऊन पुस्तकं आणि रजिस्टरं तपासून गेली, कागदावरचीच वाचनालयं सापडली, आणि त्यानंतर बरीच वर्षं नवीन मान्यता आणि वर्गबदल दोन्ही बंद राहिले. बोगस सापडली ते बरंच झालं, पण जी प्रामाणिकपणे चालत होती तीही त्याच वर्गात गोठली. अनुदानात ६० टक्के वाढ २०२२ मध्ये जाहीर झाली.

कार्यक्रमांचं गणित याच काळात बदललं. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, हे साजरे करून फोटो आणि अहवाल पाठवायचा असतो, त्यामुळे ते होतातच. व्याख्यानमाला मात्र गावावरच चालते. कुणीतरी आईच्या किंवा वडिलांच्या नावाने बँकेत ठेव ठेवतं, तिच्या व्याजातून एक पुष्प गुंफलं जातं. व्याजदर खाली आले तसं सात दिवसांचे पाच झाले, पाचाचे तीन झाले. अभ्यासिका मात्र सगळीकडे वाढल्या, स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सहाला दारात उभी असतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या फीवरच लाइट बिल निघतं. कोरोनात मार्चपासून बंद असलेली वाचनालयं ऑक्टोबर २०२० मध्ये उघडली तेव्हा पहिले परत आले तेही हेच.

आणि गावाचा इतिहास? त्याची गोष्ट दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही, उघडल्याशिवाय कळत नाही. उभे रकाने, दाखल नंबर, तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात लाल शाईने 'वाळवी', 'गहाळ', 'निर्लेखित' (म्हणजे नोंदीतून काढून टाकलेलं). ज्याला दाखल नंबर आहे ते मोजलं जातं, तपासलं जातं, हरवलं तर विचारलं जातं. ज्याला नाही त्याला कुणी विचारत नाही. आणि गावाचा इतिहास नेमका ज्याला नंबर नाही त्यातच असतो. इंग्रजांच्या काळातलं जिल्ह्याचं गॅझेटियर १८८० च्या आसपासचं, ते जाड आणि बांधलेलं म्हणून कपाटात टिकलं. पण तालुक्याचं साप्ताहिक हे 'नियतकालिक' झालं, आणि नियतकालिकं वर्षअखेरीला रद्दीत जातात, जमाखर्चात त्याची चक्क 'रद्दी विक्री' अशी जमेची ओळ असते. शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, दुष्काळातल्या कामाची मजुरांची यादी, नाटक मंडळीची हस्तपत्रकं, व्याख्यानमालेच्या पत्रिका, सगळं सुटं, सगळं बिननंबरी. एखाद्या ग्रंथपालाला त्याची ओढ असेल तर तो पिशवीत भरून माळ्यावर ठेवतो, तो निवृत्त झाला की पिशवी कुणाची हे कुणालाच माहीत नसतं.

मी ज्या वाचनालयात जातो तिथे अशा तीन पिशव्या निघाल्या. एकीत जुन्या व्याख्यानमालेच्या पत्रिका होत्या, कडा पिवळ्या, टाचण्या गंजून कागदात रुतलेल्या. एका पत्रिकेवर विषय होता गावातल्या विहिरी आणि त्यांची नावं. वक्ते गावचेच एक मास्तर. त्या भाषणाचं टिपण नाही, रेकॉर्डिंग नाही, मास्तर गेले, विहिरींतल्या बहुतेक बुजल्या, आणि त्या संध्याकाळी ऐकायला आलेले दोन-तीनच जण आज हयात आहेत. त्यांच्याकडे मोबाईल घेऊन बसलो, जेवढी नावं आठवली तेवढी लिहून घेतली. अकरा निघाली, दोघांचं एका विहिरीवरून अजून जमत नाही.

कार्यकारिणीत मग यावर दोन बैठका झाल्या. एक म्हणाले सुट्या कागदाला पुस्तकाचा नंबर दिला तर तपासणीला आलेला माणूस आकडा फुगवला म्हणेल, आणि २०१२ आठवत असलेल्यांना ते लगेच पटलं. शेवटी वेगळं रजिस्टर घातलं, नंबराच्या आधी 'स्था', म्हणजे स्थानिक, लावायचं, पुस्तकांच्या बेरजेत धरायचं नाही. स्था १ म्हणजे सभासदांची जुनी नोंदवही, स्था २ ती विहिरींची पत्रिका आणि तिला जोडलेली अकरा नावांची यादी.