मशेरी आणि बाळाची वाढ

मशेरी (मिसरी) म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. तंबाखू तव्यावर काळा पडेपर्यंत भाजून चुरतात. कोकणात अनेक बायका ती सकाळी दातांना लावतात. सवय जडली की जेवणानंतर, कामाच्या मध्येही बोट डबीत जाते. भाजताना घरभर ठसका लागतो, तरी निकोटीन उरतेच. ते हिरड्यांतून रक्तात आणि वारेतून गर्भात पोचते.

गरोदरपणीच्या तपासणीत हे सहज निसटते. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला आलेले ‘नाही’ प्रामाणिक असते, कारण मशेरी खात नाहीत, लावतात. ‘दिवसातून किती वेळा लावता?’ असेच विचारावे.

निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि गर्भाला पोषण कमी मिळते. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले, प्रसूतीही सुमारे 6 दिवस आधी झाली. आकडा किरकोळ वाटतो. पण 2,500 ग्रॅमखालचे बाळ कमी वजनाचे मानतात, आणि काठावरच्या बाळाला तिथे ढकलायला तो पुरेसा आहे. गरोदरपणी घेतलेली दारू तर थेट बाळाच्या मेंदूच्या घडणीत बिघाड करते. तिचे सुरक्षित प्रमाण ठाऊक नाही, आणि माडीही दारूच.

जन्मानंतर घराचा वाटा सुरू होतो. अमेरिकेत 1980च्या दशकात कोकेन घेणाऱ्या मातांची मुले कायमची अधू होणार, अशी हाकाटी झाली. पुढे बरेचसे नुकसान गरिबी आणि घरच्या परिस्थितीशी जोडलेले दिसले. घराचा चांगला वाटा असा: आई पहाटे बंदरावर गेली, बाळ आजीच्या मांडीवर आहे. ते ‘आं’ करते, आजी ‘काय गो बाय?’ म्हणते, थांबते, बाळ पुन्हा ‘आं’ करते. भाषा अशी रुजते. मोबाइलवरचे गाणे बाळाला उत्तर देत नाही. त्याच आजीची डबी मात्र रांगत्या बाळाच्या हाताला लागता कामा नये. तंबाखू गिळल्यावर उलटी, लाळ, गुंगी दिसली तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय 2 वर्षांपर्यंत अपेक्षित तारखेपासून धरावे: 32 आठवड्यांचे जन्मलेले 8 महिन्यांचे मूल विकासात 6 महिन्यांचे. हे विसरल्याने उगाच घबराट होते. पण तसे धरूनही 18 महिन्यांपर्यंत चालत नसेल, तर अंगणवाडीमार्फत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवावे.

मशेरी सोडताना सुरुवातीला चिडचिड होते, पोट साफ होत नाही; नेमक्या याच कारणाने बायका पुन्हा डबी उघडतात. भरपूर पाणी, पालेभाजी, केळी यांचा उपयोग होतो. सासू लावत असेल तर दोघींनी एकदम सोडावी. बहुतेक घरांत डबी एकच असते.