मुलांच्या वॉर्डात मांजर: रुग्णालयातील प्रवेशाची पार्श्वभूमी

मुलांच्या वॉर्डात थेरपी मांजर येते तेव्हा आधी खाटेवर एक स्वच्छ चादर अंथरली जाते, मूल आणि त्याचे आईवडील हातांना सॅनिटायझर लावतात, आणि मगच हार्नेस घातलेले मांजर मालकाच्या हातून चादरीवर उतरते. ज्या हाताला सलाइन लावलेले नाही, त्या हाताने मूल त्याची पाठ कुरवाळू लागते. हे दृश्य नवे वाटते. पण प्राणी रुग्णालयात पूर्वी होते, मग ते बाहेर घालवले गेले आणि बऱ्याच काळानंतर अटींवर परत आले, असा त्यामागचा इतिहास आहे.

इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने १७९६ मध्ये सुरू झालेल्या ‘रिट्रीट’ या मनोरुग्णालयाच्या अंगणांत ससे आणि कोंबड्या पाळल्या जात, कारण एखाद्या दुबळ्या जिवाची काळजी घेताना रुग्णाचे मन स्थिरावते, असा तेथील चालकांचा अनुभव होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी लहान पाळीव प्राणी उत्तम सोबती ठरतो, असे नमूद केले आहे. त्यांच्या स्वतःच्या घरात मांजरांचा मोठा गोतावळा होता, तेव्हा हे मत केवळ पुस्तकी नव्हते.

जंतूंमुळे रोग होतात हे सिद्ध झाल्यावर चित्र पालटले. वॉर्ड निर्जंतुक ठेवणे हा नियम झाला आणि प्राणी वॉर्डाबाहेर गेले; पण केवळ प्राणीच नव्हे, मुलांचे आईवडीलही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश रुग्णालयांत पालकांना आठवड्यातून काही ठरावीक तासच मुलाला भेटता येई. संसर्गाचे भय हे त्याचे एक कारण, आणि भेटीनंतर मूल रडते हे दुसरे. मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रीकरण दाखवून या रडण्यामागची, आणि त्याहून गंभीर अशा अबोलपणामागची, वेदना डॉक्टरांसमोर ठेवली. रुग्णालयातील मुलांच्या कल्याणासाठी नेमलेल्या ब्रिटनमधील प्लॅट समितीच्या १९५९ च्या अहवालाने पालकांना मुलांजवळ अधिक मोकळेपणे येऊ देण्याची शिफारस केली. आजारी मुलाला औषधाइतकीच ओळखीच्या, उबदार सहवासाची गरज असते, हे एकदा मान्य झाल्यामुळेच पुढे प्राण्यांचा विचार होऊ शकला, असे मला वाटते.

त्या विचाराला वैद्यकीय भाषा दिली ती अमेरिकी बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी. कोणाशीही न बोलणारे एक मूल त्यांच्या ‘जिंगल्स’ या कुत्र्याशी सहज खेळू लागले, यावरून त्यांनी १९६२ मध्ये कुत्र्याला सहउपचारक म्हणणारा लेख लिहिला. १९७७ मध्ये अमेरिकेत ‘डेल्टा सोसायटी’ (आताची ‘पेट पार्टनर्स’) आणि १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘पेट्स ॲज थेरपी’ ही संस्था उभी राहिली. रुग्णांच्या भेटीला स्वयंसेवकांचे पाळीव प्राणी पाठवणाऱ्या या दोन्ही संस्थांच्या यादीत मांजरे आहेत. मात्र स्वयंसेवकांसोबत वॉर्डावॉर्डांतून फिरू लागले ते मुख्यतः कुत्रेच.

मांजर मागे राहिले ते त्याच्या स्वभावामुळे. कुत्रा आज्ञा पाळतो. मांजर फार तर संमती देते. २०१५ मध्ये अमेरिकेतील रुग्णालयीन संसर्गतज्ज्ञांच्या ‘शिया’ या संघटनेने अशा भेटींसाठी केवळ कुत्रेच घ्यावेत, मांजराला सुरक्षित वागणुकीचे भरवशाचे प्रशिक्षण देता येत नाही, अशी स्पष्ट शिफारस केली. ती अवास्तव म्हणता येणार नाही. मांजराच्या लाळेतील ‘फेल डी १’ हे प्रथिन चाटण्यातून केसांवर पसरते आणि ॲलर्जी असलेल्यांना त्रास देते. नखाच्या ओरखड्यातून बार्टोनेला हा जिवाणू शरीरात शिरू शकतो, आणि केमोथेरपीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलाच्या बाबतीत ही जोखीम किरकोळ नसते.

म्हणून जी रुग्णालये मांजराला येऊ देतात, ती निवडीवर भर देतात. ‘पेट पार्टनर्स’च्या नियमांनुसार मांजर किमान एक वर्षाचे असावे लागते, ते निदान सहा महिने त्याच मालकाच्या घरी राहिलेले असावे लागते आणि त्याला कच्चे मांस खायला घालता येत नाही. चाचणीत अनोळखी माणसांनी हाताळले असता ते कसे वागते, हे पाहिले जाते. अंगी शांतपणा नसलेल्या मांजराला तो शिकवण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही.

‘थेरपी’ हा शब्द मात्र येथे थोडा सैल वापरला जातो. ठरावीक उद्दिष्ट, नोंदी आणि प्रशिक्षित उपचारक असतील तरच त्याला काटेकोर अर्थाने प्राणी-साहाय्यित उपचार म्हणतात. खाटेवरची पंधरा मिनिटांची भेट ही बहुधा केवळ भेटच असते. मांजराच्या गुरगुरण्याने हाडे लवकर जुळतात, यासारख्या दाव्यांना रुग्णांवरील भक्कम पुरावा नाही. त्या पंधरा मिनिटांत भावंडे खाटेभोवती गोळा होतात आणि कधी नव्हे ते रक्ततपासणीखेरीज दुसरा विषय निघतो. मालकाचे लक्ष मात्र मुलापेक्षा मांजराच्या कानांकडे आणि शेपटीकडे असते. दिवसाला दोन तासांहून अधिक काम त्याला देता येत नाही, आणि शेपटीचे टोक चादरीवर आपटू लागले की मुलाने कितीही हट्ट केला तरी मांजर टोपलीत परत जाते.